फटका नेमका कुठं गेला? प्रा. मार्क ब्रॉडी यांना अनावृत पत्र

प्रा. मार्क ब्रॉडी यांस,


तुम्ही न्यूयॉर्कला कोलंबिया बिझनेस स्कूलमध्ये शिकवता, मी पुण्यात सुट्टीच्या दिवशी गोल्फ खेळतो. आपली ओळख नाही. तरीही हे पत्र जाहीरपणे आणि मराठीत लिहितो आहे, कारण गोल्फच्या फटक्यांचा हिशेब मांडणाऱ्या तुमच्या कामाची खरी गरज ज्यांना आहे त्यांतले बरेच जण येरवड्याच्या आणि चेंबूरच्या मैदानांवर सापडतील. व्यावसायिक टूरवरच्या खेळाडूंकडे आकडे समजावून सांगणारी पगारी माणसं असतात. हौशी खेळाडूच्या हातात फेरी संपल्यावर एक स्कोअरकार्ड उरतं. त्यावर 92 लिहिलेलं असतं. हे 92 झाले कशामुळे, ते मात्र त्यावर कुठंच नसतं.

हँडिकॅपनंही ते कळत नाही. 2020 पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या 20 फेऱ्यांतल्या सर्वोत्तम आठांची सरासरी धरतात. दोन खेळाडूंचा सामना बरोबरीनं व्हावा यासाठी ती उत्तम आहे. पण हँडिकॅप 18 असलेल्या माणसानं शनिवारी सकाळी ड्रायव्हर घ्यावा की वेज, याचं उत्तर तिच्यात नाही.

म्हणून आमच्यातले शिस्तीचे लोक वही ठेवतात. किती फेअरवे सापडले, किती ग्रीन ठरावीक फटक्यांत गाठली, पटरचे एकूण फटके किती. अनेक वर्षं सगळीकडे हेच चालत आलं आहे, आणि यातला तिसरा आकडा तर चक्क दिशाभूल करतो. एक जण दुसऱ्याच फटक्यात ग्रीनवर पोचला, पण होलपासून 40 फूट लांब. पटरचे दोन घेऊन त्यानं पार केला. दुसऱ्याची ग्रीन हुकली, त्यानं चिप करून चेंडू तीन फुटांवर ठेवला आणि एकात टाकला. पार दोघांचाही. वहीत मात्र दुसरा पटिंगमध्ये सरस ठरतो, आणि पहिला बिचारा त्या दिवसापासून सरावाच्या ग्रीनवर वाकून उभा राहतो. वास्तविक 40 फुटांवरून दोनमध्ये टाकणं हे उत्तम पटिंग आहे.

तुम्ही प्रश्नच बदललात. काय झालं हे न विचारता, चेंडू होता कुठं आणि पोचला कुठं, एवढंच विचारलंत. पीजीए टूरवर स्वयंसेवक लेझरनं प्रत्येक फटक्याची जागा टिपत असत. त्या नोंदींतून कुठल्या अंतरावरून सरासरी किती फटके लागतात याचं कोष्टक तयार झालं. स्ट्रोक्स गेन्ड या तुमच्या मोजणीचा सगळा डोलारा या एका कोष्टकावर उभा आहे. टूरनं 2011 मध्ये पटिंगसाठी ही मोजणी अधिकृतपणे स्वीकारली, 2014 मध्ये तुमचं पुस्तक आलं, आणि पुढं टीपासून ग्रीनपर्यंतचे फटकेही त्यात आले.

माझ्या वाचकांसाठी एकच होल मांडून दाखवतो. होल 400 यार्डांचा. टूरचा सरासरी खेळाडू तिथं टीवरून 3.99 फटके घेतो. आपला ड्राइव्ह 240 यार्ड, फेअरवेवर. उरले 160, आणि तिथून सरासरी 2.98. एक फटका खर्चून 1.01 इतकं काम झालं, म्हणजे कमाई 0.01. पुढचा आयर्नचा फटका आखूड पडून बंकरमध्ये गेला, होलपासून 20 यार्डांवर. तिथून सरासरी 2.53. फटका एक गेला, काम झालं 0.45, तोटा 0.55. बंकरमधून चेंडू निघाला तो आठ फुटांवर, जिथून सरासरी 1.50, कमाई 0.03. मग पटरचे दोन, तोटा 0.50. कार्डावर पाच.

क्लबहाउसमध्ये चहा पिताना आपण काय सांगतो? "आठ फुटांचा चुकला राव!" पण पटरनं जेवढं घालवलं, त्याहून थोडं जास्तच त्या आयर्ननं आधी घालवलेलं होतं. आणि आठ फुटांवरून टूरचे खेळाडूसुद्धा निम्मेच टाकतात. आता चारही आकड्यांची बेरीज करा: उणे 1.01. पाच आणि 3.99 यांच्यातला फरकही तेवढाच. जुन्या पेढीवरच्या खतावणीसारखा हिशेब पैशाला पैसा जुळतो. मला तुमच्या कामात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे. प्रत्येक फटक्याला त्याचं त्याचं माप मिळतं, एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी जात नाही.

यातूनच तुम्ही सांगितलंत की 80 मारणारा आणि 90 मारणारा यांच्यातल्या फरकाचा साधारण दोन-तृतीयांश भाग 100 यार्डांच्या पलीकडच्या फटक्यांतून येतो. टायगर वुड्सची आघाडीही पटरपेक्षा अप्रोचच्या फटक्यांवर अधिक उभी होती. पिढ्यान् पिढ्या "खेळ ग्रीनवर जिंकला जातो" असं ऐकत आलेल्यांना हे पचत नाही. माझ्या मते तुमचंच बरोबर आहे. पण ही सरासरी आहे, आणि ती प्रत्येकाला जशीच्या तशी लागू पडत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकापासून एका फटक्यानं दूर राहिली, चौथी आली. लांब मारणाऱ्या खेळाडूंच्या त्या मेळ्यात तिला वर ठेवलं ते तिच्या पटरनं. तेव्हा प्रत्येकानं आपापला तोटा शोधायला हवा. "100 यार्डांपलीकडे" एवढंच ऐकून ड्रायव्हर आणि चेंडूंची बादली घेऊन रेंजवर धावणाऱ्यानं तुमचं म्हणणं अर्धवटच ऐकलेलं असतं.

तासांचा हिशेब ठेवणारेही आहेत. अमेरिकेत पोर्टलंडच्या डॅन मॅक्लॉफलिन यांनी 2010 मध्ये नोकरी सोडून 10,000 तासांच्या गोल्फ-सरावाचा संकल्प केला आणि तास न् तास नोंदवला. हँडिकॅप तीनच्या खाली आणला, ही लहान गोष्ट नव्हे. पण सुमारे सहा हजार तासांनंतर पाठीच्या दुखण्यानं त्यांना थांबावं लागलं. नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्याकडे आठवड्याला दोन-तीन तास असतात. ते कशावर घालवायचे, हे त्यानं तोटा पाहूनच ठरवायला हवं.

त्यासाठी लेझर किंवा क्लबच्या मुठीवरचे सेन्सर लागतातच असं नाही. प्रत्येक फटक्याआधी अंतर आणि चेंडू कशावर पडलाय ते लिहावं: फेअरवे, रफ, वाळू. ग्रीनवर पावलं मोजावीत. सरावातही किती चेंडू मारले ते न लिहिता, पाच फुटांवरून वीसपैकी किती टाकले ते लिहावं. दहा-बारा फेऱ्या साठल्या की तोटा आपसूक डोळ्यांत भरतो. फेरीला महिना लिहायला मात्र विसरू नये. आमच्याकडे पावसाळ्यात चेंडू पडेल तिथंच रुततो, आणि मे महिन्यात तोच ड्राइव्ह कडक जमिनीवर घरंगळत कितीतरी पुढं जातो. ऑगस्टचा आकडा मेच्या आकड्याशी ताडला तर माणूस उगाच खचतो.

इथंच एक अडचण आहे. तुमचं कोष्टक टूरचं आहे. त्याच्याशी ताडलं की आम्ही सगळे सगळीकडे उण्यात. हौशी खेळाडूंचे फटके तुम्ही गोल्फमेट्रिक्स या तुमच्या फटके-नोंदणीच्या प्रणालीसाठी गोळा केलेत, ते तिकडच्या मैदानांवरचे. आमच्या मैदानांवरच्या, आमच्या ऋतूंतल्या हौशी खेळाडूंचं कोष्टक आम्हीच करायला हवं. ते करायला लागणारी माणसं आमच्याकडे आहेत. "साहेब, एकशे साठ, वारा समोरून, सहा नंबर घ्या," असं न मोजता सांगणारा कॅडी रोज तीच मैदानं पायांखाली घालतो. कुठल्या होलवर कोण कुठं फसतो, हे त्याला सदस्यांपेक्षा जास्त माहीत असतं. ते आजवर कुणी लिहून घेतलेलं नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं, आणि महाराष्ट्रातल्या क्लबांकडे एक. कोष्टक कसं बांधायचं, कमीत कमी किती फटके हाती असावे लागतात, हे आमच्या क्लबांनी विचारलं तर तुम्ही सांगावं. आणि क्लबांनी प्रत्येक फेरीत अंतर आणि जागा टिपण्याचं काम कॅडींकडे द्यावं, त्याचे फेरीच्या दरापेक्षा वेगळे पैसे द्यावेत, आणि तयार होईल ते कोष्टक सर्व सदस्यांना आणि कॅडींना खुलं ठेवावं.

आपला,
पुण्यातला एक हौशी गोल्फर