प्रिंटरला जरा एकटं सोडा

ताप बघायचा असेल तर आधी थर्मामीटर लावतात, मग गोळी देतात. प्रिंटरचं प्रोफाईल करताना मात्र बरेचदा उलटं होतं. वर गोळी कुणी दिली तेही कळत नाही!

टार्गेट म्हणजे रंगीत चौकोनांचं पान. प्रत्येक चौकोनाचे आकडे आधीच ठरलेले, उदा. लाल २५५, हिरवा ०, निळा ०. पान छापायचं, नीट वाळू द्यायचं आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरने चौकोन मोजायचे. 'हे आकडे दिले की या कागदावर असा रंग उमटतो' ही माहिती ज्या फाईलमध्ये साठते, ते आयसीसी प्रोफाईल.

अट एकच. टार्गेटचे आकडे प्रिंटरपर्यंत जसेच्या तसे पोचले पाहिजेत. पण वाटेत मदतीला टपलेले तिघं: अॅप्लिकेशन, ऑपरेटिंग सिस्टिम आणि ड्रायव्हर. एकाने जरी 'हे एसआरजीबी असणार' असं ठरवून आकडे बदलले की मोजमाप फुकट. एरर येत नाही, पान छान दिसतं, प्रोफाईलही बनतं. फक्त चुकीचं.

फोटोशॉपमध्ये पूर्वी 'नो कलर मॅनेजमेंट' हा पर्याय होता. २०१० च्या सीएस५ मध्ये तो काढला, आणि अडोबीने खास टार्गेटसाठी 'अडोबी कलर प्रिंटर युटिलिटी' हा वेगळा छोटा प्रोग्रॅम दिला. मॅकच्या कलरसिंक युटिलिटीत 'प्रिंट अॅज कलर टार्गेट' आहे. ड्रायव्हरमधली रंगदुरुस्तीही बंद करायची. एप्सनमध्ये तिथे 'नो कलर अॅडजस्टमेंट' असं लिहिलेलं असतं. कागदाचा प्रकार मात्र विचार करून निवडायचा, कारण शाई किती सोडायची ते त्यावर ठरतं. पुढे फोटो छापतानाही ड्रायव्हरची हीच सेटिंग्ज ठेवायची.

तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला? आमच्या आजीचा एकच रंगीत फोटो आहे, डाळिंबी इरकल नेसलेला. बाबांना तो फ्रेम करून हवाय. तो रंग त्यांच्या डोक्यात पक्का आहे. विटकरी आला तर ते काही बोलणार नाहीत, पण फोटो भिंतीवर लागणार नाही.

न विचारता मदत करण्यात आपण प्रोग्रॅमर लोक फार हुशार. कधीतरी 'काहीही करू नकोस' असंही एक बटण द्यावं. आणि ते दाबल्यावर खरंच काही होत नाही ना, हे टेस्टही करावं.