यादीतली एकच ओळ

१५ मे २०१७, सोमवार. वानाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस शुक्रवारपासून जगभर मशिनं बंद पाडत होता आणि मला कॉलेजच्या लॅबमध्ये लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या ज्या फटीवरचा पॅच १४ मार्चलाच दिला होता, तिच्यातूनच तो शिरत होता. सरांनी एवढंच विचारलं, "आपल्या ४० पैकी किती मशिनांवर पॅच आहे?"

उत्तर डब्ल्यूससवर, म्हणजे विंडोजच्या अपडेट सर्व्हरवर मिळायला हवं होतं. हा सर्व्हर अपडेट एकदाच उतरवून घेऊन आतल्या नेटवर्कवर वाटतो, आणि कुणाला काय मिळालं याचा हिशेब ठेवतो. मी कन्सोल उघडला. यादी कोरी. वरचा फिल्टर 'फेल्ड ऑर नीडेड'वर होता, तो 'एनी'वर नेला. तरी कोरीच.

सर्व्हर मशिनांना शोधून काढतो, असं मी धरून चालले होते. म्हणून दुपारपर्यंत सर्व्हरच तपासत बसले. प्रत्यक्षात तो कुणालाच शोधत नाही. प्रत्येक मशीन आपणहून त्याच्याकडे जाऊन नाव नोंदवतं. हे कळल्यावर एका विंडोज ७ मशीनवर अपडेटची लॉग फाइल उघडली. तिथे ४०४ चा एरर ओळीने पडला होता. ग्रुप पॉलिसीत सर्व्हरचा पत्ता होता, पोर्ट नव्हता. जुना सर्व्हर पोर्ट ८० वर उत्तर द्यायचा. नवा, विंडोज सर्व्हर २०१२ चा, ८५३० वर. पत्ता दुरुस्त केला, पॉलिसी पुन्हा लागू केली. मशीन एरवी साधारण २२ तासांनी विचारायला जातं, तेवढी वाट बघणं शक्य नव्हतं. प्रत्येकावर हाताने डिटेक्ट नाऊची कमांड चालवली.

यादीत एक ओळ आली: लॅब-०७. आनंदाने रिफ्रेश केलं, तर तिथे लॅब-१९. ०७ गायब. मग ३२. ओळ एकच, नाव मात्र दर वेळी नवं. मी वहीत वेळा टिपत बसले. कुणीतरी नावं पुसतंय, असंच वाटत राहिलं. मनात भीती होती ती वेगळीच: आतमध्ये कुणी शिरलं तर नाही ना?

शेजारच्या विभागातल्या दादांना वही दाखवली. ते म्हणाले, "ही मशिनं भरली कशी होती?"

एका हार्ड डिस्कची नक्कल करून. ४० च्या ४०.

रजिस्ट्रीत विंडोज अपडेटच्या खाली 'सस क्लायंट आयडी' नावाची नोंद असते. दोन मशिनं शेजारी ठेवून वाचली: अक्षरन् अक्षर तीच, नकलेबरोबर आलेली. सर्व्हर मशीन ओळखतो ते या आयडीवरून, नावावरून नव्हे. त्यामुळे त्याच्या लेखी लॅबमध्ये एकच मशीन होतं आणि ते सारखं नाव बदलत होतं.

प्रत्येकावर अपडेटची सर्व्हिस थांबवायची, ती नोंद आणि तिच्यासोबतची व्हॅलिडेशनची नोंद पुसायची, सर्व्हिस सुरू करायची, मग रीसेट ऑथोरायझेशनची कमांड. पाचव्या मशीनपर्यंत हात सरावला. मंगळवारी सकाळी 'अनअसाइन्ड कॉम्प्युटर्स'मध्ये पूर्ण ४० नावं होती. मी ती दोनदा मोजली.

दुपारी सरांना आकडा दिला: मार्चचा किंवा त्यानंतरचा पॅच असलेली ११. सरांनी लॅबची बाहेरची केबल काढायला सांगितली, आणि उरलेल्या २९ वर आम्ही आतल्या अपडेट सर्व्हरवरूनच अपडेट सोडले.