न पाहिलेलं झाड

प्रथम वर्षाला असताना भूगोलाच्या तासाला सरांनी विचारलं, "विषुववृत्तीय जंगलातून काय मिळतं?" मी उठून घडाघडा म्हणून दाखवलं : महोगनी, एबनी, रबर, पामतेल. सर म्हणाले, "हे झालं बोटीत चढणारं. तिथली माणसं खातात काय?" वर्ग हसला. मी मुकाट खाली बसलो.

पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. ग्रंथालयात शोधता शोधता एक झाड भेटलं. इर्व्हिंगिया गॅबोनेन्सिस हे त्याचं नाव. नायजेरिया, कॅमेरून, गॅबॉनच्या दाट जंगलात ते ४० मीटरपर्यंत वाढतं. फळ दिसायला आंब्यासारखं, आत रेषाळ केशरी गर. म्हणून इंग्रज त्याला 'बुश मँगो' म्हणाले. मजा अशी, की आंब्याच्या कुळाशी त्याचं काही नातं नाही!

गर गोड लागतो, पण खरा पैसा बाठीत. आतल्या बीमध्ये निम्म्याहून अधिक तेल असतं. इग्बो लोक तिला 'ओग्बोनो' म्हणतात. ती वाळवून, कुटून रश्शात टाकली की रस्सा भेंडीसारखा तार धरतो. गॅबॉनमध्ये ती भाजून, कुटून तिच्या वड्या करून ठेवतात. या झाडाची एक कडू गराची बहीण आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी कितीतरी वर्षं दोघींना एकाच जातीत धरलं. गावच्या बायांना मात्र जिभेनं फरक कळत होता. फळं वेचणं, बी काढणं, बाजारात नेणं, यातलं पुष्कळसं काम बायाच करतात. बाठ कोयत्यानं फोडायची. घाव चुकला की बोटावर.

इथं मी वाचायचा थांबलो. आमचं गाव गडचिरोलीच्या जंगलाला लागून. वैशाखात माय पहाटे चाराची फळं वेचायला जाते. आंबटगोड गर आम्ही पोरं खायचो. बिया धुऊन, वाळवून माय जात्यावर भरडते, पाखडते. निघालेली चारोळी सगळी व्यापाऱ्याकडे. (चाराचं झाड मात्र खरोखर आंब्याच्या कुळातलं आहे. हेही पुस्तकातच कळलं.) श्रीखंडावर पेरलेली चारोळी मी पहिल्यांदा पाहिली ती शहरातल्या एका मित्राकडे, अठराव्या वर्षी. त्याच्या आईनं विचारलं, "तुझी आई काय करते रे?" मी म्हणालो, "घरीच असते." प्रवेशअर्जावरही तेच लिहिलं होतं. चारोळी मात्र घशाखाली उतरेना.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मायला त्या झाडाची गोष्ट सांगितली. जात्याचा खुंटा न सोडता ती ऐकत होती. आफ्रिका कुठं, हे तिनं विचारलं नाही. एवढंच विचारलं,

"वरून तोडतेत का पडलेले येचतेत?"

"पडलेलेच येचतेत बहुतेक."

"मंग झाड वाचते," ती म्हणाली. "आपल्याकडं तं आता लोक फांदीच तोडून नेतेत."

आणि तिनं जात्यात आणखी एक मूठ टाकली.