सांभरचे मीठ आणि दहा हजार पावसाळे

जयपूरहून सांभर सुमारे ८० किलोमीटर. फुलेरा मागे पडले, की शेते विरळ होत जातात, आणि मग एकदम समोर सगळे पांढरेच पांढरे. उन्हात डोळे दिपतात. मोटारीतून उतरताच सोबतच्या भाचीने विचारले, "मामा, इथे समुद्र कुठाय? मग मीठ आलं कुठून?"

काठावरच्या शाकंभरी देवीची कथा इथे सगळे सांगतात. देवीने प्रसन्न होऊन इथल्या जंगलाचे चांदीचे मैदान करून टाकले. लोक घाबरले. चांदी म्हटली की लूटमार, भांडणे आलीच. त्यांनी विनवणी केली, तेव्हा देवीने त्या चांदीचे मीठ केले. विद्वानांचीही आपली एक कथा आहे. १९०९ साली हॉलंड आणि ख्रिस्ती यांनी मांडले, की उन्हाळ्यातले नैऋत्येचे वारे कच्छच्या रणातून मिठाची धूळ इथवर उडवून आणतात. पुढे इतरांनी अधिक भर दिला तो खडकांच्या झिजण्यावर. मेंढा आणि रूपनगढ या नद्या पावसाळ्यात क्षार आणून ओततात, आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात.

भाचीला देवीची कथा आवडली, पण शंका होतीच. "जंगल खरंच होतं का?"

जंगल होते असे म्हणवत नाही, पण हा प्रदेश नेहमी असा नव्हता, हे नक्की. त्याची साक्ष चिखलात आहे. फुलांचे पराग चिखलात पडले, की त्यांचे कठीण कवच हजारो वर्षे कुजत नाही. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत काम केलेले डॉ. गुरदीप सिंग यांनी सांभर, डीडवाना आणि लूणकरणसर या तीन खाऱ्या सरोवरांच्या तळातला गाळ थराथराने काढला आणि त्यातले पराग सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. १९७० च्या दशकात प्रसिद्ध झालेले ते काम आजही या विषयाचा पाया मानतात.

सर्वांत खाली निघाली ती वाऱ्याने आणलेली वाळू. शेवटचे हिमयुग सुमारे २० हजार वर्षांपूर्वी ऐन भरात होते, तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती आणि आपला मोसमी पाऊस दुबळा झाला होता. राजस्थानात बर्फ पसरला नव्हता. इथे हिमयुग म्हणजे कोरडा दुष्काळ. डीडवान्याच्या त्या काळच्या थरांत मिठाचे खडेच सापडतात.

मग हिमयुग ओसरले. त्या सुमारास पृथ्वी उत्तरेकडच्या उन्हाळ्यात सूर्याच्या सर्वांत जवळ असे. आज ती जानेवारीत जवळ असते. त्यामुळे दहा हजार वर्षांपूर्वी आपल्या उन्हाळ्यातले ऊन आजच्याहून सात-आठ टक्के कडक होते. जमीन जास्त तापली आणि समुद्रावरचे बाष्प जास्त ओढले गेले. वाळूवर गाळ साचू लागला, त्यात गवतांचे, दवण्याच्या जातीच्या झुडपांचे आणि पाणकणसाचे पराग आले. जिथे आज मिठाच्या क्यारी आहेत, तिथे गोड्या पाण्याची तळी होती.

सांभरहून वायव्येला गेले की डीडवाना लागते, आणि आणखी पुढे, बिकानेरच्याही पलीकडे लूणकरणसर. सांभरला वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, लूणकरणसरला जेमतेम २००. पाऊस माघारी फिरला तो याच क्रमाने, पश्चिमेकडून. डीडवान्याच्या परिसरात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वि. ना. मिश्र आणि डॉ. शरद राजगुरू यांनी काम केले. वाळूच्या टेकडीत खोल खणल्यावर अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली. म्हणजे ही वाळू आणि माणूस यांची ओळख फार जुनी.

लूणकरणसरला आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. तळे कुठे आहे हेच विचारावे लागले. क्षारांनी तडकलेला एक सपाट खळगा, बस्स. याच खळग्यात सात हजार वर्षांपूर्वी पाणी चढले आणि सुमारे दीड हजार वर्षे टिकले. नुसत्या मोसमी पावसाने हे जमले नसते, हिवाळ्यातली मावठही तेव्हा जोरदार असावी, असे अभ्यासक म्हणतात. मग साडेपाच हजार वर्षांपूर्वी ते साफ आटले.

या आकड्यापाशी मी अडलो. शाळेत आपण शिकलो, की पाऊस गेला आणि हडप्पाची संस्कृती संपली. डॉ. सिंग यांचाही कल तसाच होता. पण १९९९ साली नव्याने काढलेल्या या कालमापनाने घोटाळा केला. तळे आटल्यावर हजारेक वर्षांनी याच भागात हडप्पाची नगरे भरभराटीला आली! उत्तरेला हनुमानगढ जिल्ह्यात कालीबंगन आहे. तिथल्या उत्खननात नगरे उभी राहण्याच्याही आधीचे नांगरलेले शेत सापडले. आडव्या सऱ्या जवळजवळ, उभ्या सऱ्या लांबलांब, अगदी आज तिथले शेतकरी हरभरा आणि मोहरी एकत्र पेरताना काढतात तशा. पाऊस मुबलक होता म्हणून नव्हे, तो कमी झाला असतानाही माणसांनी तिथे शेती केली, पुढे विटांची घरे बांधली. आणि तीही घग्गरच्या त्या खोऱ्यात, ज्यातून सतलज कधीच निघून गेली होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार सतलजने सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी हे पात्र सोडले. तरी पावसाळी पाणी आणि मऊ गाळ उरला होता. त्यावर त्यांनी भागवले. शेवटी भागेना, तेव्हा वस्त्या पूर्वेकडे सरकल्या. पण त्याला अनेक पिढ्या लागल्या.

लूणकरणसरच्या टपरीवर चहा पिताना भाचीने सरोवराकडे पाठ केली होती. तिचे लक्ष भुईमुगाच्या शेंगांनी भरलेल्या ट्रॅक्टरकडे. एवढ्या वाळूत शेंगा? "नहर का पानी है," टपरीवाला म्हणाला.

इंदिरा गांधी कालव्याचे पाणी. पंजाबात हरिके इथे बियास आणि सतलज मिळतात, तिथून ते निघते.

"म्हणजे सतलज परत आली?" भाची म्हणाली, आणि शेंगा घ्यायला धावली.