सरचूत अडकलो, बॉस!
मनाली ते लेह, दोघं, एकच बाईक. माझा फंडा सोपा होता, जमेल तेवढे किलोमीटर कापायचे. २०२० साली सुरू झालेल्या ९ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे रोहतांगचा घाट वाचला, तेवढाच माज चढला. मित्र म्हणत होता, जिस्पाला राहू. मी ऐकलं नाही.

संध्याकाळी सरचू, सुमारे १४ हजार फूट. रात्री तंबूत त्याचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या. खाली न्यायचं, पण कसं? सरचूची गोची हीच की दोन्हीकडे चढ! पुढे गाटा लूप्सची २१ वळणं, मागे १६ हजार फुटांची बारालाचा खिंड. तंबूवाल्या काकांनी ऑक्सिजनचा सिलिंडर आणला. पहाटे बाईक तिथंच टाकून जीपनं खिंड ओलांडली, जिस्पाला उतरलो. दुपारी त्यानं चहा मागितला, वर मॅगी. लेह राहिलंच.