सक्तीच्या विरामातील उद्योग

अमेरिकेतील उत्तर डाकोटा राज्यात २०२२च्या एप्रिलमध्ये हिमवादळ आले आणि गव्हाची पेरणी लांबली. तेथील रेड नदी उत्तरवाहिनी आहे. दक्षिणेकडील बर्फ आधी वितळतो, पुढचे पात्र गोठलेलेच असते. पाणी सपाट शेतांत पसरते. ओल्या जमिनीत यंत्र घातले तर माती दबते, म्हणून घाई नुकसानीचीच ठरते.

अशा दिवसांत कित्येक शेतकरी शेडमध्ये जुने ट्रॅक्टर दुरुस्त करतात. १९६३ ते १९७२ या काळात बनलेल्या ‘जॉन डिअर ४०२०’ला संगणक नाही, साध्या पान्यांनी तो उघडतो. पुढे पेरणीस मोजकेच दिवस मिळतात, तेव्हा यंत्र थांबून चालत नाही.

व्यापारातील मंदीही अशीच असते. बाजार आपल्या हाती नसतो. वही, काटा आणि गोदाम मात्र असतात.