जंतू गेला, थायरॉईड राहिला

बी.एस्सी.च्या वर्गाला मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. हेलिकोबॅक्टर पायलोरी शिकवायची वेळ आली की मला वेगळाच उत्साह येतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरेन यांना जठराच्या बायॉप्सीत वळणदार जंतू दिसत होते, आणि एवढ्या आम्लात जंतू टिकतीलच कसे, म्हणून फारसं कुणी ते मनावर घेत नव्हतं. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांच्या जोडीला आला. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे प्लेट्स इनक्यूबेटरमध्ये नेहमीपेक्षा जास्त राहिल्या आणि जंतू उगवले. १९८४ मध्ये मार्शल स्वतःच ते जंतू प्यायले, जठराला सूज आणून दाखवली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

ही गोष्ट सांगता सांगता माझ्या मनात एक समजूत घट्ट होत गेली. डॉक्टरांना ज्या आजाराचं कारण नीट सांगता येत नाही, त्याच्यामागे एखादा जंतूच असणार, फक्त तो अजून कुणाला सापडलेला नाही. वर्गात हे मी कधी उघड म्हटलं नाही. मनात मात्र तेच होतं.

मग मलाच हाशिमोटो निघाला. हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जननी १९१२ मध्ये चार बायकांच्या थायरॉईडचं वर्णन केलं होतं, तो हा आजार. आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उलटते. का उलटते, याचं उत्तर म्हणून आनुवंशिकता, आयोडीन, बायकांमध्ये प्रमाण जास्त, असं बरंच काही सांगतात. माझं त्यानं समाधान होत नव्हतं. मला एक गुन्हेगार हवा होता.

तो सापडला असं मला वाटलं. थायरॉक्सिनच्या गोळीचा डोस वाढवत नेला, तरी थायरॉईड कमी पडला की वाढणारा टीएसएच खाली येत नव्हता. जोडीला पोट सतत फुगलेलं, जळजळ. एंडोस्कोपी झाली. जठराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकला होता, तो मी मुद्दाम बघायला मागितला. तुकड्याभोवती गुलाबी रंग पसरत गेला. हेलिकोबॅक्टरचं युरिएज युरिया फोडून अमोनिया तयार करतं, त्याचा तो रंग. मुलांना किती वेळा समजावलेली टेस्ट, आता माझ्याच पोटातली. मला आनंद झाला, हे मी लपवणार नाही.

त्या दिवसांत मी झपाटल्यासारखी वाचत होते. जंतूची काही प्रथिनं थायरॉईडच्या प्रथिनांसारखी दिसत असावीत, त्यामुळे प्रतिकारशक्तीची गल्लत होत असावी, असा एक तर्क मांडला जातो. जंतूचे काही स्ट्रेन जास्त आक्रमक असतात, त्यांच्याशी थायरॉईडच्या अँटीबॉडींचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे. काही छोट्या अभ्यासांत जंतू मारल्यावर अँटीबॉडी कमी झाल्याची नोंद आहे. असे पेपर मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. संबंध न सापडलेले पेपर सारांशावरच सोडून दिले. हे मी अजाणता केलं नाही. कुठला पेपर आपल्याला नको आहे, हे मला पहिल्या परिच्छेदातच कळत होतं.

अँटिबायोटिक्सचा कोर्स झाला, तोंडाची कडू धातूसारखी चव गेली, पुढे श्वासाची टेस्ट निगेटिव्ह आली. काही आठवड्यांनी छातीत धडधडायला लागलं. टीएसएच धाडकन खाली आला होता. माझी ग्रंथी पुन्हा काम करायला लागली, असाच अर्थ मी काढला आणि भेटेल त्याला सांगत सुटले. माझ्या मामेबहिणीलाही थायरॉईड आहे. तिला फोनवर म्हणाले, "पोटाचा जंतू काढ, थायरॉईड आपोआप जाईल."

डॉक्टरांनी माझे जुने-नवे रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. टीएसएचखाली पेनानं रेघ ओढली, मग अँटी-टीपीओ या थायरॉईडविरोधी अँटीबॉडीखाली. अँटी-टीपीओ आधीही ६०० च्या वर होता, आताही तेवढाच. ते म्हणाले, "मॅडम, ग्रंथीवरचा हल्ला तसाच चालू आहे. मग सुधारलं काय?"

मला उत्तर येईना. खरं तर यायला हवं होतं. थायरॉक्सिनची गोळी विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. जंतूमुळे जठराला सूज येते, आम्ल घटतं, आणि गोळीतलं औषध पुरतं अंगी लागत नाही. म्हणून माझा डोस वाढत गेला होता. जंतू गेल्यावर तोच डोस पूर्ण शोषला जायला लागला आणि मला जास्त झाला. धडधड त्याची होती. २००६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इटलीतल्या संशोधकांनी नेमकं हेच दाखवलं होतं. जठराला सूज असलेल्या पेशंटना थायरॉक्सिन पाव ते तिसरा हिस्सा जास्त लागत होतं, आणि जंतूवर उपचार झाल्यावर त्याच डोसवर टीएसएच उतरला. हा पेपर माझ्या नजरेखालून गेला होता. गोळीबद्दल आहे, कारणाबद्दल नाही, म्हणून मी पुढे सरकले होते.

त्या खुर्चीत बसून मला मार्शल आठवले, पण वेगळ्या कारणानं. जंतू पिण्याआधी त्यांनी एंडोस्कोपी करून आपलं जठर निरोगी असल्याची खात्री केली होती. नंतर सूज आल्यावर पुन्हा बायॉप्सी घेतली, तीत जंतू सापडले. आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे दाखवता येत होतं म्हणून त्यांच्या पिण्याला अर्थ होता. मी हीच गोष्ट वर्षानुवर्षं सांगत आले आणि त्यातलं धाडस तेवढं उचललं. आपल्याकडे हा जंतू निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात असतो. थायरॉईडही घरोघरी आहे. दोन्ही एकाच बाईत सापडले, एवढ्यावरून मी निकाल देऊन मोकळी झाले. विद्यार्थ्यानं हे पेपरात लिहिलं असतं, तर मी मार्क कापले असते.

घरी येऊन लगेच मामेबहिणीला फोन केला. तिचा आवाज जड, घोगरा येत होता. तिनं कसलीही तपासणी न करता मेडिकलमधून कोर्स आणून घेतला होता, आणि थायरॉक्सिन बंद केलं होतं. पाय सुजलेले, थंडी वाजते, दिवसभर झोप येते. मी म्हणाले, "माझं चुकलं. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन कर." ती म्हणाली, "ताई, तू कॉलेजात हेच शिकवतेस ना, म्हणून मी कुणाला विचारलं नाही."

तिची गोळी पुन्हा सुरू झाली, हळूहळू ती सावरली. पण तिचं ते वाक्य मला अजून पुसता आलेलं नाही.

जंतू आणि थायरॉईडच्या स्वयंप्रतिरोधी आजारांचा संबंध नाहीच, असं मी आता म्हणत नाही. काही विश्लेषणांत तो हाशिमोटोपेक्षा ग्रेव्ह्जच्या आजारात जास्त ठळक दिसला आहे. याच जंतूमुळे होणारा जठराचा माल्ट लिम्फोमा हा कर्करोग कितीतरी पेशंटमध्ये नुसत्या अँटिबायोटिक्सनी ओसरतो, हे तर सिद्धच आहे. त्यामुळे प्रश्न खुळचट नाही. आता मी वर्गात हा प्रश्न मांडते, दोन्ही बाजूंचे पेपर मुलांच्या हातात देते, आणि माझे ते दोन रिपोर्टही दाखवते. मामेबहिणीची गोष्ट सांगण्याआधी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, सांग.